कॅम पुलीचा बोल्ट सैल का होतो आणि शर्यतीच्या इंजिनात ती कशी बांधावी

केप्याच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. त्याने १३०० सीसीचं, चार सिलिंडरचं, एका कॅमचं, बेल्टवर चालणारं इंजिन मातीवरच्या ऑटोक्रॉससाठी बांधलं आहे. जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम, दुहेरी व्हॉल्व्ह स्प्रिंगा आणि बाजारातली ॲडजस्टेबल व्हर्निअर पुली, म्हणजे मधल्या हबवर बाहेरची दातांची रिंग सरकवून टायमिंग बदलता येणारी. दुसऱ्याच शर्यतीत कॅम पुलीचा मधला बोल्ट सैल झाला. तो कसून आवळला, तर पुढच्या वेळी पुलीचे बाहेरचे छोटे बोल्ट घसरले आणि टायमिंग मागे गेलं, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघडू-मिटू लागले. आता त्याला तीन जणांनी तीन सल्ले दिलेत: सगळीकडे लाल लॉकटाइट (आटे चिकटवणारा द्रव) लाव, पुली कॅमलाच वेल्ड करून टाक, किंवा आणखी एक डॉवेल पिन (दोन भागांच्या भोकांत बसणारी गोल खुंटी) मार. यातलं काय करू, असं तो विचारतो.

वेल्डिंगचं आधी संपवतो. ते करू नका. कॅम एक तर चिल्ड कास्ट आयर्नचा असतो, नाही तर इंडक्शन हार्डन केलेल्या पोलादाचा. दोन्हींना वेल्ड मारलं की जोडाच्या कडेला काचेसारखा ठिसूळ पट्टा तयार होतो आणि तडा तिथूनच जातो. उष्णतेने कॅमचं पुढचं टोक वाकतं, ऑइल सील जळतं, टायमिंग कायमचं एका जागी गोठतं. शर्यतीच्या इंजिनात टायमिंग बदलता येणं हीच तर व्हर्निअर पुली घेण्यामागची गरज.

लॉकटाइट आणि दुसरी पिन या दोन्हींना जागा आहे, पण दोन्ही शेवटच्या पायऱ्या आहेत. तुमचं इंजिन जे सांगतंय ते वेगळंच आहे. बोल्ट फिरून सुटला, हा आजाराचा शेवट. त्याच्या कितीतरी आधी पुली आणि कॅमची तोंडं एकमेकांवर सरकायला लागली होती. ती का सरकली ते शोधल्याशिवाय कितीही लॉकटाइट ओतलं तरी उपयोग नाही. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगाने दाखवून दिलं की बोल्टला सगळ्यात जास्त सैल करतं ते आडवं सरकणं. जोड आडवा सरकायला लागला की आट्यांमधलं घर्षण जणू नाहीसं होतं आणि बोल्ट आपोआप उलटा फिरतो. त्याच्या नावाच्या चाचणीत साधे स्प्रिंग वायसर टिकत नाहीत. तुमच्या मधल्या बोल्टाखाली स्प्रिंग वायसर असेल तर तो काढून ठेवा.

कॅमवर येणारा भार एकाच दिशेचा नसतो, हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं. लोब, म्हणजे कॅमवरचा उंचवटा, व्हॉल्व्ह उघडत असतो तेव्हा स्प्रिंग कॅमला मागे रेटते. लोबचं नाक ओलांडलं की तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते. म्हणजे पुलीला आधी ओढ बसते आणि लगेच उलटी ढकल. चार सिलिंडरच्या एका कॅमवर इनलेट आणि एक्झॉस्टचे लोब मिळून कॅमच्या प्रत्येक फेऱ्याला मुख्यतः चार झटके तयार होतात. क्रँक ८००० आरपीएमला असेल तर कॅम ४००० ला फिरतो. म्हणजे मिनिटाला १६,००० झटके, सेकंदाला सुमारे २६७. कंपनीच्या इंजिनात स्प्रिंगा मऊ, कॅम सौम्य, आरपीएम कमी, म्हणून तोच बोल्ट वर्षानुवर्षं हलत नाही. तुम्ही तिन्ही गोष्टी वाढवल्या आणि जोड मात्र तोच ठेवला.

ही ओढाताण अडवतं कोण? बहुतेक जण सांगतात, डॉवेल पिन. कागदावर ते खरंही वाटतं. ४ मि.मी.ची हार्डन पिन कापायला साडेसात किलोन्यूटनच्या आसपास जोर लागतो; मध्यापासून ९ मि.मी.वर ती असेल तर सुमारे ६८ न्यूटन-मीटर टॉर्क ती एकटी पेलेल. पण हा हिशोब एकदाच लावलेल्या, एकाच दिशेच्या भाराचा आहे. पिन आणि भोक यांच्यात दोन-तीन शतांश मि.मी. जागा असतेच. तेवढ्या जागेत सेकंदाला २६७ वेळा मागेपुढे ठोके बसले की भोक लांबट होतं, पिनेवर पायरी पडते आणि शेवटी ती तुटते. सैल मुठीचा कोयता वापरत राहिलं की दांडा ठेचला जातो, तसंच हे. पिनेचं काम जागा दाखवणं. भार पेलायचा तो बोल्टने दाबून धरलेल्या दोन तोंडांमधल्या घर्षणाने.

आता या घर्षणाचे आकडे बघू. उदाहरणासाठी एम-१० बाय १.२५ चा, १०.९ ग्रेडचा बोल्ट धरा. त्याचं आट्यातलं क्षेत्रफळ ६१.२ चौरस मि.मी., प्रूफ लोड, म्हणजे कायमचा न ताणता तो पेलतो तो भार, सुमारे ५१ किलोन्यूटन. त्याच्या पाऊण हिश्श्यावर, म्हणजे ७५ टक्क्यांवर आवळला तर पुली ३८ किलोन्यूटनने दाबली जाते, पावणेचार टनांच्याही वर. तोंडांची सरासरी त्रिज्या १२ मि.मी. धरली आणि ती कोरडी, स्वच्छ असली, तर हा जोड साधारण ६८ न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंत सरकत नाही. तोंडांवर तेलाची पुसट फिल्म राहिली तर तोच आकडा ४५ वर येतो. त्यात बोल्टचा दाब एक तृतीयांशाने कमी झाला तर ३०. दुसऱ्या बाजूला, ६०० न्यूटनची स्प्रिंग १२ मि.मी.च्या अंतरावरून रेटत असेल तर एका व्हॉल्व्हमागे ७ न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क पडतो. दोन-तीन व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात, वर बेल्टची कंपनं, आरपीएम लिमिटरवर आपटणं, चुकीचा गिअर पडून आरपीएम उडणं. ३० च्या जोडाला तिथे जगता येत नाही. ६८ चा जगतो.

तेव्हा प्रश्न हा की तुमचा दाब कुठे गेला. टॉर्क रेंचवर आकडा पूर्ण दिसतो आणि तरी दाब नसतो, असं चार-पाच कारणांनी होतं. पुली उतरवली की ती स्वतःच ते सांगते.

पुली काढताना घाई करू नका, आणि काहीही पुसू नका. हबच्या मागच्या तोंडावर उजेड पाडून बघा. आपल्याकडे मातीवर गाडी चालवली की तांबडी माती बेल्ट कव्हरच्या आत सगळीकडे बसते, त्यामुळे एक खूण हमखास नजरेतून सुटते. दोन पोलादी तोंडं एकमेकांवर घासली की त्यातून कोकोच्या रंगाची, पिठासारखी बारीक भुकटी निघते. माती बाहेर, कोपऱ्यांत, बेल्टच्या दातांत असते. ही भुकटी मात्र फक्त दोन तोंडांच्या मध्ये आणि पिनेच्या भोवती असते. ती बोटाने बाजूला केली की खाली चमकदार, ठेचल्यासारखे डाग दिसतात. ॲल्युमिनियमचा हब असेल तर भुकटी काळपट राखाडी. ती दिसली म्हणजे जोड सरकत होता, यात शंका ठेवू नका. ती हबभर सारखी पसरली असेल तर एकंदर दाबच कमी. एकाच बाजूला असेल तर तोंड सपाट नाही. बोल्टच्या डोक्याखाली एका बाजूला खोल कडा उमटली असेल तर डोकं तिरपं बसत होतं.

आता कारणं. पहिलं, आणि माझ्याकडे येणाऱ्या बाजारी पुल्यांत सगळ्यात जास्त दिसणारं, म्हणजे बोल्ट भोकाच्या तळाला टेकणं. कंपनीच्या पुलीपेक्षा व्हर्निअर पुलीचा हब पातळ असेल तर जुना बोल्ट जास्त आत जातो, बंद भोकाच्या तळाला लागतो आणि रेंच खटकन वाजते. टॉर्क पूर्ण, दाब शून्याच्या जवळ. उलट हब जाड असेल तर आटे पुरेसे पकडत नाहीत. बोल्टच्या व्यासाच्या दीडपट पकड हवी, एम-१० ला १५ मि.मी. व्हर्निअर कॅलिपरच्या मागच्या काडीने भोकाची खोली मोजा, हब आणि वायसरची जाडी मोजा, बोल्टची लांबी मोजा. तळाशी किमान २ मि.मी. मोकळे राहिले पाहिजेत. या भोकात तेल साचलेलं ठेवून बोल्ट आवळला तर तेल दबत नाही आणि कॅमच्या पुढच्या टोकाला तडा जाऊ शकतो. म्हणून भोक आधी फुंकून कोरडं करायचं.

दुसरं तसंच लपलेलं. पुलीतलं पिनेचं भोक उथळ असेल तर पिन त्याच्या तळाला टेकते आणि हब तोंडावर न बसता पिनेच्या टोकावर बसतो. पिनेच्या भोकात प्लास्टिसिनचा छोटा गोळा ठेवून पुली हाताने दाबून बसवा आणि काढून गोळ्याची जाडी बघा. अर्धा मि.मी. तरी उरायला हवा.

तिसरं कारण आपल्या किनाऱ्यावरचं. जूनमध्ये इंजिन उघडून ठेवायचं आणि सप्टेंबरात बांधायचं, हे इथे नेहमीचं. खाऱ्या दमट हवेत कॅमच्या उघड्या तोंडावर आठवड्याभरात गंजाचा पडदा चढतो. डोळ्याला तो किरकोळ वाटतो, पण जोडात तो भुसभुशीत वायसरचं काम करतो. उघडलेल्या कॅमच्या तोंडाला ग्रीस लावून पिशवीत गुंडाळून ठेवा, आणि बांधायच्या दिवशी ते ग्रीस पूर्ण काढा. याच हवेमुळे दुसरी एक सवय लागलेली दिसते. ट्रॉलर आणि होड्यांवर काम करणारे फिटर गंजू नये म्हणून सगळीकडे स्टेनलेसचे बोल्ट घालतात आणि तेच बोल्ट गाड्यांच्या इंजिनांत येतात. ए२-७० स्टेनलेसची यील्ड ताकद, म्हणजे कायमचं ताणलं जाण्याआधीची ताकद, ४५० मेगापास्कल; १०.९ ची ९४०. म्हणजे निम्म्याहून कमी. कॅम पुलीला स्टेनलेस बोल्ट कधीही नको.

चौथ्या कारणावर मी जरा थांबणार आहे, कारण तुमचे बाहेरचे छोटे बोल्ट घसरले ते यामुळेच असावेत असं मला वाटतं. बोल्ट ही एक ताठ स्प्रिंग आहे. आवळला की तो ताणला जातो, आणि ते ताणणंच दाब देतं. २० मि.मी. पकड असलेला आपला एम-१० बोल्ट ३८ किलोन्यूटनला जेमतेम ६० मायक्रॉन ताणला जातो. तोंडांवरचा गंज, रंग, कापताना राहिलेली धातूची बर, मऊ वायसर हे सगळं मिळून चालता चालता २० मायक्रॉन दबलं तर दाबाचा तिसरा हिस्सा गेला. बोल्ट एक अंशही फिरलेला नसतो.

आता व्हर्निअर पुलीचे एम-६ चे पाच बोल्ट घ्या. एकेकाला १० न्यूटन-मीटर टॉर्क दिला तर प्रत्येकी सुमारे ११ किलोन्यूटन दाब मिळतो. २७ मि.मी. त्रिज्येवर पाच बोल्ट, घर्षण ०.१५, म्हणजे हा जोड सव्वादोनशे न्यूटन-मीटरपर्यंत सरकू नये. मधल्या एका बोल्टपेक्षा हा तिपटीहून मजबूत! मग तोच का घसरतो? कारण या बोल्टांची पकड फार आखूड असते. ८ मि.मी. पकडीवर ११ किलोन्यूटनला बोल्ट ताणला जातो फक्त २१-२२ मायक्रॉन. ॲनोडाइझचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेल्या ऑक्साइडचा थरच १० ते २५ मायक्रॉनचा असतो. त्यावर पातळ वायसर, त्याखाली लांबट स्लॉट, म्हणजे डोक्याखाली अर्धीच धातू. त्यातून ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं: गरम झालं की डोकं त्यात आणखी रुततं आणि थंड झालं की दाब आधीपेक्षा कमी. १० मायक्रॉन दबले की निम्मा दाब गेला. दोन शर्यतींत हे सहज होतं.

उपाय याच हिशोबातून निघतो. सुट्ट्या पातळ वायसरांऐवजी सगळ्या बोल्टांखाली मिळून एकच ३ ते ४ मि.मी. जाडीची पोलादी रिंग टर्नरकडून करून घ्या, हार्डन करून दोन्ही बाजूंनी ग्राइंड केलेली. त्याने पकड लांब होते, भार पसरतो आणि स्लॉटची कडा दबत नाही. बोल्ट १२.९ चे, तेवढेच जास्त लांब घ्या. हब आणि बाहेरची रिंग जिथे एकमेकांवर बसतात तिथला रंग किंवा ॲनोडाइझ लेथवर हलकं फेसिंग मारून काढा. आटे ॲल्युमिनियमच्या हबात असतील तर पोलादी इन्सर्ट बसवून घ्या; आटे जाण्याची भीती राहत नाही. नवी पुली घ्यायची असेल तर स्लॉटच्या ऐवजी भोकांची घ्या: दोन प्लेटींवर वेगवेगळ्या संख्येची भोकं आणि जुळतील तिथे पिन. ती बारीक जुळवायला वेळ खाते, पण घसरत नाही. शर्यतीला मी तीच पसंत करतो.

मधल्या बोल्टाचंही तसंच. कॅमच्या भोकाच्या तोंडाला काउंटरसिंक, म्हणजे तिरपी कापलेली कड, आहे ना ते बघा. नसेल तर पहिला आटा आवळताना वर ओढला जातो आणि भोकाभोवती बारीक उंचवटा तयार होतो, नखाने लागतो. पुली मग त्या उंचवट्यावर डुलते. एका आट्याएवढं काउंटरसिंक मारा आणि तोंडावर सपाट ऑइलस्टोन गोल फिरवा. मग निळा (तोंडं कुठे टेकतात ते दाखवणारा रंग) लावून पुली बसवून काढा. निळा तोंडाच्या सगळीकडे, निदान बाहेरच्या कडेला अखंड वर्तुळात लागला पाहिजे. पुली हाताने फिरवून कडेला डायल (बारीक हालचाल मोजणारा गेज) लावला तर तोंड ०.०५ मि.मी.च्या आत फिरावं. बोल्टाखाली जाड, हार्डन, आतल्या कडेला चॅम्फर (तिरपी कड) असलेला वायसर घाला, आणि चॅम्फरची बाजू डोक्याकडे ठेवा. नाही तर डोक्याखालची गोलाई वायसरच्या कडेवर बसते.

टॉर्कबद्दल. बोल्टला दिलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांत आणि जेमतेम १० टक्क्यांतून दाब तयार होतो. त्यामुळे आट्यांना काय लावलंय यावर सगळं ठरतं. आपल्या एम-१० ला ३८ किलोन्यूटन द्यायला कोरड्या आट्यांवर ७६ न्यूटन-मीटर लागतात, इंजिन ऑइल लावल्यावर ५७. त्याच ५७ ला कोणी मोलीची (मॉलिब्डेनमची निसरडी) पेस्ट लावली तर बोल्ट प्रूफ लोडच्या पलीकडे जातो. मॅन्युअलमधला आकडा कोणत्या स्थितीचा आहे ते वाचा आणि तीच स्थिती ठेवा. तेल आट्यांना आणि डोक्याखाली. पुली आणि कॅमच्या तोंडांना थेंबही नाही, ती ॲसिटोनने पुसायची. थिनर नको, तो फिल्म सोडतो.

टॉर्क रेंच तपासायला दूर जायची गरज नाही. तिचा चौकोन व्हाइसमध्ये पकडा, रेंच आडवी ठेवा, मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर १० किलोचं वजन टांगा. ते ४९ न्यूटन-मीटर होतात, वर रेंचच्या स्वतःच्या वजनाचं थोडंसं. रेंच ४५ ला लावली असेल तर खटका वाजलाच पाहिजे, ५५ ला लावली तर वाजता कामा नये. आणि काम झालं की ती सर्वांत खालच्या आकड्यावर सोडून ठेवा. इम्पॅक्ट गन या बोल्टच्या जवळही आणू नका.

बांधताना क्रँक टीडीसीपासून, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेपासून, ९० अंशांवर ठेवा, म्हणजे चारही पिस्टन मधे असतात आणि कॅम उसळला तरी व्हॉल्व्ह आपटत नाहीत. कॅम धरायचा तो कॅमवरच्या षटकोनावर पाना लावून, किंवा पुलीच्या भोकांत बसणाऱ्या धारकाने. बेल्टच्या भरवशावर कधीच आवळू नका. बेल्टचे दात तर ताणले जातातच, शिवाय रेंचला जे जाणवतं त्यात बेल्टचा ताणही मिसळतो. आधी लॉकटाइट न लावता, तेलावर, जुन्या पण चांगल्या बोल्टने पूर्ण टॉर्कला आवळा, सोडा, परत आवळा, असं दोन-तीनदा. जे दबायचं ते इथे दबून घेतं. मग नवा बोल्ट.

आता लॉकटाइट. मधल्या बोल्टला मध्यम ताकदीचं निळं, २४३ सारखं, पुरे. लाल २७१ लावलंत तर पुढच्या वेळी बोल्ट काढायला २५० अंशांच्या आसपास तापवावं लागेल, आणि शेजारीच कॅमचं ऑइल सील आणि ॲल्युमिनियमचं हेड आहे. एम-६ ला लाल लावलं तर सोडताना ॲल्युमिनियमचे आटे बोल्टबरोबर बाहेर येतात. बंद भोकात लॉकटाइट बोल्टला न लावता भोकात खाली सोडायचं. बोल्ट आत जाताना दबलेली हवा वर येते आणि बोल्टवरचं लॉकटाइट बाहेर फेकते. ते हवा बंद झाल्यावर आणि धातूच्या संपर्काने घट्ट होतं, म्हणून जस्ताचा मुलामा असलेल्या बोल्टवर ते रेंगाळतं. तिथे ॲक्टिव्हेटर मारा. पूर्ण पकडायला २४ तास द्या. लॉकटाइट वंगणाचंही काम करतं, तेव्हा आट्यांना वेगळं तेल लावू नका. आणि एकदा ते पकडलं की बोल्ट "जरा चेक करतो" म्हणून परत आवळू नका. बंध तुटतो आणि तुम्हाला कळतही नाही.

लॉक वायर आणि टॅब वायसर यांच्याबद्दलही विचारतात. वायर बोल्ट बाहेर पडू देत नाही, बेल्टमध्ये शिरू देत नाही. तेवढा विमा म्हणून चांगली. दाब ती टिकवत नाही. टॅब वायसर मऊ पत्र्याचा असतो आणि थेट दाबाच्या वाटेत बसतो, म्हणून जास्त भाराच्या जोडात मी तो टाळतो. पाचरीच्या आकाराचे जोडवायसर पोलादावर उत्तम, उघड्या ॲल्युमिनियमवर नाहीत. ज्यांना आणखी पुढे जायचंय त्यांच्यासाठी हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या पातळ शिमा मिळतात. कण दोन्ही तोंडांत रुततात आणि घर्षण कितीतरी वाढतं. तुमच्या इंजिनाला त्याची गरज नाही.

दुसरी पिन मारायची ती अगदी शेवटी, टायमिंग कायमचं ठरल्यावर, हब आणि बाहेरची रिंग यांच्यामधून. ड्रिल करून रीमर फिरवून ५ मि.मी.ची पिन सरकती घट्ट बसवा. कॅम आणि हबमधलं जुनं भोक लांबट झालं असेल तर त्यात जाड पिन ठोकू नका. हब नवा घ्या, किंवा दोन्हींतून एकत्र रीमर मारून एक माप मोठी पिन घाला.

आणखी एक गोष्ट, आणि ती जोडाच्या बाहेरची आहे. भार कमी करता येतो का, हेही बघा. क्रँकच्या पुढच्या टोकाला, जिथून बेल्ट निघतो, तिथेच क्रँकची पिळाची कंपनं सगळ्यात जास्त असतात. मूळ क्रँक पुलीत रबराचा थर असेल तर तो ती कंपनं खातो. हलकी म्हणून सॉलिड ॲल्युमिनियमची पुली बसवली की ती सगळी कंपनं कॅमपर्यंत जातात. मी शिकलो ते मांडवी नदीतल्या बार्जांच्या डिझेल इंजिनांवर. तिथे गिअर ट्रेन असते, आणि क्रँकच्या पुढचा डँपर (कंपनं खाणारा भाग) निकामी झाला की पहिला त्रास टायमिंग गिअरना होताना मी पाहिलाय. शर्यतीच्या जगातलं याचं मोठं उदाहरण कॉसवर्थ डीएफव्ही या फॉर्म्युला वनच्या इंजिनाचं. ४ जून १९६७ ला नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला ते इंजिन पहिल्यांदा शर्यतीत उतरलं. जिम क्लार्क त्यावर जिंकला, पण त्याच इंजिनावर पुढे असलेल्या ग्रॅहॅम हिलच्या गाडीत टायमिंग गिअरचे दात तुटले. ते इंजिन आखणाऱ्या कीथ डकवर्थने पुढे नुसता मजबूत गिअर करून हा प्रश्न सोडवला नाही. त्याने गिअर ट्रेनमधल्या एका हबमध्ये १२ बारीक टॉर्शन बार (पिळ खाणारे दांडे) बसवले, म्हणजे झटका आला की हब किंचित पिळतो आणि दातांपर्यंत तो पोचत नाही. तुमच्याकडे बेल्ट आहे, तो मुळातच थोडा लवचीक असतो. त्याला वाजवीपेक्षा जास्त ताणून ती लवचीकता घालवू नका.

सगळं बांधून झाल्यावर बोल्टच्या डोक्यापासून वायसर, हब आणि बाहेरच्या रिंगपर्यंत एकच सरळ रेघ पिवळ्या पेंटने मारा. त्याशिवाय पहिल्या सिलिंडरचा इनलेट व्हॉल्व्ह टीडीसीला किती उघडलाय ते डायलने मोजून वहीत लिहा. रेघ फक्त फिरलेला बोल्ट आणि सरकलेली रिंग दाखवते. हब कॅमवर सरकला तर ते डायललाच कळतं. प्रत्येक शर्यतीनंतर कव्हर काढून रेघ बघा, आणि आकडा दर दोन शर्यतींनी ताडून घ्या. कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन, हे मोजताना विसरू नका.

पण पुलीवर पैसे घालण्याआधी एक काम करा. तुमचं टायमिंग मागे गेलं होतं. कॅम मागे गेला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या जवळ येतो. एक्झॉस्टला अडीच मि.मी. आणि इनलेटला दोन मि.मी. मोकळी जागा लागते. जास्त लिफ्टच्या कॅममुळे तुमच्याकडे ती आधीच कमी झाली असणार. चारही सिलिंडरना हवेचा दाब देऊन सायलेन्सरला कान लावा. कुठे फुसफुस आली तर हेड उतरवावंच लागेल. नाही आली तर बोल्टची लांबी, भोकाची खोली, हबची जाडी आणि मागच्या तोंडाचा एक स्वच्छ फोटो पाठवा. रिंग किती जाड करायची आणि बोल्ट किती लांब घ्यायचा ते त्यावरून सांगतो.